मुरानोची हिरवी बांगडी

शुक्रवार, ७ मार्च २०२५, जेद्दा

आज सकाळी आईंनी हातातल्या पाटल्या काढल्या आणि ओट्यावर, माझ्या कणकेच्या परातीशेजारी ठेवल्या. "घे. या घराच्या आहेत, घरातच राहू देत," म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुनीताबाई. माझं लग्न झाल्यापासून त्यांच्या हातात याच पाटल्या बघत आलेय. बाबा, म्हणजे माझे सासरे, नऊ वर्षांपूर्वी गेले तेव्हा बायकांनी त्यांच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या, पण या सोन्याच्या तेवढ्या राहिल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डॉक्टर काढा म्हणत होते तरी काढल्या नव्हत्या. आणि आज उघड्या मनगटानं दुधाचं पातेलं उतरवत होत्या.

"पण कशाला, आई?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? कधीतरी द्यायच्याच ना?" म्हणाल्या आणि चक्क हसल्या. त्या हसल्या म्हणून मी जास्त घाबरले.

माणूस आपलं असं वाटून कधी टाकतं? माझी आत्या जायच्या आधी असंच करत होती. साड्या, डबे, चांदीचं ताम्हन, सगळं हसत हसत देऊन मोकळी झाली, आणि मग आम्हाला कळलं की तिला पोटाचं दुखणं होतं. नवऱ्याला, इंद्रनीलला सांगितलं तर म्हणतो, "अगं, पाटल्या जड होत असतील." या माणसाला आईबद्दल काही विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे.

वरच्या मजल्यावरच्या जोहरानं वाढदिवसाला दिलेली ही वही कोरीच पडली होती. आज लिहिल्याशिवाय चैनच पडेना.

शुक्रवार, १४ मार्च

राजाभाऊ आले होते. आमच्या इथल्या मराठी मंडळातले सगळ्यांत जुने. इथल्या बंदरावर एका शिपिंग कंपनीत त्यांचा जन्म गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कॅनडात. आता त्यांचं फायनल एक्झिट लागलंय, एप्रिलमध्ये कायमचे नाशिकला चालले. ईदच्या सुट्टीत मंडळाची इटलीची सहल त्यांनीच ठरवलीय आणि आम्हीही चाललोय. आईंचा व्हिजिट व्हिसा तीन महिन्यांनी देशाबाहेर जाऊन यावंच लागतं असा आहे, त्यामुळे बाहेर जायचंच होतं. त्यांचा युरोपचा व्हिसा मुंबईहूनच काढून आणलेला होता.

राजाभाऊ ताइफला गेले होते. तिथे सध्या गुलाबांचा हंगाम आहे. त्यांनी पिशवीभर गुलाब आणले होते. "देवाला," म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात द्यायची सोडून आईंच्या हातात दिली.

संध्याकाळी पाहते तर देवापुढे दोनच फुलं आणि बाकीची सगळी आईंच्या उशाशी, पाण्याच्या वाटीत. आजारी माणसाला वासानं बरं वाटतं म्हणे.

आणखी एक. गुरुवारी मंडळाची वयस्कर मंडळी समुद्राकाठी कॉर्निशवर चालायला जातात, तिथे आई हल्ली न चुकता जातात. नवे बूटसुद्धा घेतले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असणार. आमच्यापासून लपवून कुठल्या डॉक्टरला दाखवलंय कोण जाणे.

शनिवार, २२ मार्च

शेवटी मीच खोटं बोलून आईंना दवाखान्यात नेलं. म्हटलं, माझा चेकअप आहे, सोबत चला, आणि तिथे गेल्यावर त्यांचंच नाव पुढे केलं. रक्त, लघवी, कार्डिओग्राम, सोनोग्राफी, काही म्हणून सोडलं नाही.

हैदराबादची डॉक्टरीण सगळे कागद चाळून म्हणाली, "आंटी तो एकदम फिट हैं. बीपी आपका देखना पड़ेगा."

आई गाडीत बसेपर्यंत हसत होत्या. "एवढं कसलं गं टेन्शन घेतेस?" कागदात सगळं येतंच असं नाही.

खरं सांगायचं तर मला आईंची काळजी आहे, आणि स्वतःचीही आहे. जानेवारीत मला शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली ती आईंच्या जिवावर. लेकीचा, श्रुतीचा डबा, देवाचं, माझी दुपारची गरम भाजी, सगळं त्या बघतात. श्रुती माझ्याशी इंग्रजीत भांडते आणि आजीशी मराठीत गप्पा मारते. मी मनात धरूनच चालले होते की आई आता इथेच राहतील. त्या नाहीत असं घर मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही.

रविवार, ३० मार्च

यंदा पाडवा आणि ईद एकाच दिवशी. पहाटे गॅलरीत गुढी उभी केली, वरच्या मजल्यावरून जोहराचा शीरखुर्मा आला, आणि साखरेच्या गाठीबरोबर तो खाऊन आम्ही विमानतळावर. आई मोरपिशी साडी नेसल्या होत्या. नऊ वर्षांत त्यांना करड्या आणि बदामी रंगाशिवाय काही नेसलेलं पाहिलं नाही. म्हणजे आता हौस भागवून घेताहेत. विमानात मी तोंड खिडकीकडे करून रडून घेतलं.

बुधवार, २ एप्रिल, व्हेनिस

आज मुरानोला जाऊन आलो. हे काचेचं बेट. शेकडो वर्षांपासून काच करणारे लोक इथेच राहतात. व्हेनिसच्या गावात आगी लागतील म्हणून भट्ट्या म्हणे इकडे हलवल्या.

जायचं बोटीनं. तिथे बोट म्हणजे आपली सिटी बसच. आईंना पाण्याची भीती, गोदावरीतसुद्धा पाऊल टाकताना माझा खांदा धरणाऱ्या. पण आज कठड्याशी उभ्या राहून पाणी अंगावर घेत होत्या. शेजारी राजाभाऊ हात करून काहीतरी दाखवत होते. उतरताना आईंनी राजाभाऊंचा हात धरला. गुडघे दुखतात त्यांचे. धक्क्यावर आल्यावर सोडायचा विसरल्या.

एका कारखान्यात भट्टी बघायला मिळाली. आत शिरल्या शिरल्या तोंडावर झळ आली. एक जाडजूड, टक्कल पडलेला कारागीर लांब नळीच्या टोकाला पेटलेल्या काचेचा गोळा घेऊन उभा होता. चिमट्यानं दोन-चार ठिकाणी ओढलं आणि बघता बघता घोडा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी घाबरून जवळ गेले. "आई, त्रास होतोय का? बाहेर जायचं?"

"नाही गं. आमचं दुकान आठवलं."

आईंचं माहेर कासारांचं. येवल्याला त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. हे मला माहीत होतं, पण बाबा गेल्यापासून त्यांनी त्या दुकानाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आज राजाभाऊंनी विचारलं आणि यांची टकळी सुरू झाली. लग्नसराईत ओटीवर नवऱ्यामुलींची रांग कशी लागायची, कुणाचा हात कसा मऊ, कुणाचा कसा अडेल, आणि एकदा भरताना बांगडी फुटून पाटलांच्या सुनेला लागलं तर वडील दोन दिवस जेवले कसे नाहीत. राजाभाऊ "मग? मग पुढे?" करत होते. फारच चांगला श्रोता आहे हा माणूस.

दुकानात काचेची अख्खी कडी होती, बांगडीसारखीच. श्रुतीनं निळं मागितलं. तो कारागीरच हौसेनं पुढे आला आणि त्यानं ते तिच्या हातात चढवलं. आई लगेच म्हणाल्या, "श्रुती, नमस्कार कर त्यांना."

"आजी, सीरियसली?"

"अगदी. बांगडी भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. तो लहान असो, मोठा असो, कोणत्याही जातीचा असो. हातात सौभाग्य घालतो तो."

पोरीनं खरंच वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला, आणि मग त्यानंही हात जोडले. सगळं दुकान हसत होतं. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं.

मग आईंनी स्वतः एक कडं निवडलं. साधं, गडद हिरवं, आपल्या चुड्यासारखं. नखानं वाजवून पाहिलं, उजेडात धरलं, बोटं गोळा करून माप बघितलं. मी जवळ सरकून म्हटलं, "आई, किती सुंदर! पण माझ्या हाताला मोठं होईल हो." कारण दुसरं कोणासाठी घेणार?

त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. पैसे राजाभाऊंनी दिले आणि आईंनी त्यांना अडवलं नाही. मला बाई संकोच वाटला. एरवी त्या कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नाहीत.

शनिवार, ५ एप्रिल, जेद्दा

परत आलो. बांगडी अजून दिलेली नाही. माझ्या वाढदिवसाला देणार असतील. की मागे आठवण राहावी म्हणून ठेवलीय? असलं काहीतरी मनात येतं आणि हातातलं काम राहून जातं.

शुक्रवार, ११ एप्रिल

सगळे झोपल्यावर लिहितेय.

आज सकाळी इंद्रनील भाजी आणायला गेला, श्रुती झोपलेली. आई मेथी निवडत होत्या. माझा धीर सुटला. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "आई, माझी शपथ आहे. खरं सांगा. काय झालंय तुम्हाला? कसलं दुखणं आहे?"

त्या हसायलाच लागल्या. मेथीची जुडी बाजूला ठेवून, डोळ्यांना पदर लावून हसल्या. "अगं वेडे, म्हणून तू मला दवाखान्यात नेलंस होय?" मग एकदम थांबल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"काही झालेलं नाही मला. लग्न करायचंय. राजाभाऊंशी."

आणि मी काय म्हणाले तर, "पण त्यांना मधुमेह आहे!" एवढंच. दुसरं काही सुचलंच नाही.

"आहे ना. पथ्य मी बघेन."

पाटल्या का दिल्या तेही सांगितलं. "या तुझ्या सासऱ्यांच्या घरच्या. दुसऱ्या घरी जाताना त्या हातात ठेवून कशी जाऊ?" गुलाब, बूट, मोरपिशी साडी, कॉर्निश, मुरानोची बोट! माझ्या डोळ्यांसमोर सगळं घडत होतं आणि मी मरणाच्या गोष्टी करत बसले होते. श्रुती डोळे चोळत बाहेर आली, ऐकलं आणि म्हणाली, "फायनली! मम्मा, तुला माहीत नव्हतं? एव्हरीवन न्यू!"

इंद्रनील पिशव्या घेऊन आत आला. आईंनी त्यालाही सरळ सांगितलं. त्यानं पिशव्या ठेवल्या, कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवली, कांदे टोपलीत ओतले. मग खाली गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाडी धुवत बसला.

मंगळवार, १५ एप्रिल

घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. इंद्रनील आईंशी बोलायचं असलं की माझ्यामार्फत बोलतो. "तिला विचार, औषध घेतलं का." त्या समोरच बसलेल्या असतात. आई ऐकतात आणि मलाच उत्तर देतात, "सांग त्याला, घेतलं." मी मधे ठार वेडी होईन.

काल जोहराकडे जाऊन रडले. ती रत्नागिरीची, आडपडदा ठेवत नाही. म्हणाली, "त्यात रडण्यासारखं काय गो? आमच्यात माझ्या मावशीचा दुसरा निकाह झाला तेव्हा आम्ही बिर्याणी खाऊन नाचलो. तुला नक्की लागलंय काय, ते आधी बघ."

काय लागलंय? लोक काय म्हणतील हे थोडं लागलंय. सासू पासष्टीत नवरी होणार, माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना काय सांगू? पण ते वरवरचं. खरं म्हणजे मला राग आलाय. त्या मरणार म्हणून मी रडत होते, आणि त्या तर मला सोडून जगायला निघाल्या. माझं घर, माझी नोकरी, माझी गरम भाजी सोडून, स्वतःच्या आनंदानं. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय, पण आहे हे असं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

राजाभाऊ निरोप घ्यायला आले. उद्याचं विमान. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत केला, घर रिकामं केलं, सगळं खलास म्हणाले. सोफ्याच्या कडेवर, शाळेतल्या मुलासारखे बसले होते. इंद्रनील टीव्ही बघत होता.

राजाभाऊ त्याला म्हणाले, "इंद्रनील, मी परवानगी मागायला आलेलो नाही. ती सुनीतानं स्वतःची स्वतः घेतलीय. पण तू नाराज असलास तर ती सुखी होणार नाही, एवढं मला कळतं."

सुनीता! आमच्या घरात आईंना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. इंद्रनीलनं टीव्हीचा आवाज वाढवला. आई आतून चहा घेऊन आल्या, कपात साखर नव्हती.

राजाभाऊ गेल्यावर मी इंद्रनीलला म्हटलं, "शुक्रवारी आईही लग्नासाठी नाशिकला निघताहेत, त्यांना विमानतळावर कोण सोडणार?"

"टॅक्सी बोलाव," म्हणाला. आईला टॅक्सीनं पाठवणारा हा माणूस आणि मी ज्याच्याशी लग्न केलं तो, हे दोघे एकच का?

शुक्रवार, २५ एप्रिल

आई गेल्या. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दुपारी बॅगा भरून झाल्या. टॅक्सी सांगितलेली होती. इंद्रनील बाहेरच्या खोलीत, हातात फोन. आईंनी मला आत बोलावलं आणि दार तसंच उघडं ठेवलं. पलंगावर बसल्या आणि पिशवीतून ती मुरानोची हिरवी बांगडी काढली.

"लग्न पुढच्या महिन्यात आहे. पण चुडा माहेरी भरतात गं. मग मुलगी सासरी जाते." बांगडी पदरानं पुसली. "येवल्याचं घर केव्हाच विकलं. भाऊ गेला. मला माहेर कुठे राहिलंय? होतं नव्हतं ते हेच. भरशील?"

मी भांड्यांचा साबण आणला. त्यांनी सांगितलं तसा आधी साबण चोळला, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, अंगठा तळव्यात दुमडला. बोटांच्या सांध्यांशी अडली. मी थांबले. काच फुटली तर? "दाब. घाबरू नकोस. हात ढिला सोडलाय मी," त्या म्हणाल्या. कासाराच्या लेकीचा हात, आणि भरणारी मी, जिला साधी बांगडी स्वतःला नीट घालता येत नाही! मी डोळे मिटले आणि दाबलं. सरकन मनगटावर गेली. नऊ वर्षांनी त्या हातावर काच आली आणि आम्ही दोघी रडायला लागलो.

आणि मग आई उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि माझ्यापुढे वाकल्या. माझ्या पायांना हात लावला!

मी किंचाळलेच. "आई, अहो, काय करताय!"

"बांगडी भरणाऱ्याला करायचाच असतो," त्या खालूनच म्हणाल्या. "लहान असो, मोठा असो. आता आशीर्वाद दे, कंबर दुखतेय माझी."

सासू माझ्या पायाशी वाकलेली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "सुखी राहा." आवाज माझा वाटतच नव्हता.

उठताना त्यांनी दाराकडे पाहिलं. इंद्रनील तिथे उभा होता. कधीपासून ते माहीत नाही. तोंड पांढरंफटक. मी डोळे पुसले आणि त्याच्याकडे न बघता मोठ्यानं म्हटलं, "माहेरवाशिणीला ओटी न भरता पाठवत नाहीत. पण नारळ नाही घरात."

तो वळला. बाहेरचं दार धाडकन लागलं. गेला वाटतं, म्हटलं, आता निरोपही घेणार नाही. आई पलंगावर खाली बसल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

मी ब्लाउजपीस काढला, तांदूळ घेतले आणि नारळाच्या जागी सुपारी ठेवली. ओटी भरायला हात पुढे केला, तोच दार उघडलं. इंद्रनील धापा टाकत आत आला. कोपऱ्यावरच्या मल्याळी बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, तो धावत जाऊन आला होता. हातात हिरवं शहाळं! आयुष्यात कधी ओटी भरलीय का या माणसानं? नारळ म्हणजे कुठला, हेही त्याला ठाऊक नाही.

"हेच होतं," म्हणाला. दोन आठवड्यांनी तो आईशी थेट बोलला तो हा एवढाच शब्द.

आईंनी पदर पसरला. मी तांदूळ, खण आणि ते भलंमोठं शहाळं त्यात घातलं. पदर खाली ओढला गेला तशा आई हसल्या, आणि इंद्रनीलचा बांध फुटला. लहान मुलासारखा रडला. "बाबांना विसरणार नाहीस ना?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुझ्याकडे बघून कशी विसरू रे?" आई म्हणाल्या.

त्यानं टॅक्सीवाल्याला पैसे देऊन परत पाठवलं, बॅगा स्वतः उचलल्या आणि "यल्ला, उशीर होतोय" म्हणून आमच्यावरच ओरडला. विमानात शहाळं नेऊ देणार नाहीत, आणि ओटीतलं टाकायचंही नाही. म्हणून विमानतळाच्या पार्किंगमध्ये त्यानं गाडीच्या पान्यानं ते फोडलं. अर्धं आई प्याल्या, अर्धं तो प्यायला, सीटवर सांडलं ते वेगळंच. श्रुती फोटो काढत होती. त्यानं मेच्या अखेरीस रजा मिळते का बघतो असं पुटपुटलेलं मी ऐकलं.

आत जाताना आई मागे वळल्या. हिरवा हात वर करून म्हणाल्या, "चारुता, दिवाळीला येते गं माहेरी. अनारसे करून ठेव."

मला अनारसे येत नाहीत. आजवर तेच करायच्या. उद्या जोहराला विचारते, तिच्या ओळखीत कुणाला येतात का.